लाभ, दोन, तीन

आमच्या गिरणीत एक लोखंडी पायली आहे. तिचा काठ एका बाजूनं झिजून कागदासारखा पातळ झालाय. आता कुणी पायलीनं धान्य आणत नाही, सगळं काट्यावर किलोत होतं. तरी ती मी उचलून ठेवलेली नाही. मामंजी तिच्यानं धान्य मापायचे तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाहीत. ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. लग्न होऊन आले तेव्हा मला हे नवं नव्हतं. माहेरी खळ्यावर माझे वडीलही असंच मोजत. पण दुसऱ्याचं धान्य मापतानाही मामंजींच्या तोंडून ‘लाभ’च यायचं, हे मात्र मी इथे पहिल्यांदा ऐकलं.

सारोळं म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाताना पुणे जिल्ह्याचं शेवटचं गाव. नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ, खंडाळा तालुका, सातारा जिल्हा. माझं माहेर वेल्ह्याकडचं, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. तिकडे पाऊस धो धो. भात, आणि डोंगराच्या उतारावर नाचणी न् वरी. सारोळ्याकडे येईपर्यंत पाऊस दमतो. इथे बाजरी, ज्वारी, हरभरा. भोर तालुका असा पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत येतो, आणि ताटातलं धान्य त्याच्याबरोबर बदलत येतं. गिरणीत बसणाऱ्या बाईला हा नकाशा पाठ असतो. पिशवीत नाचणी असली की माणूस वरच्या अंगाचा, बाजरी असली की खालच्या.

माझ्या आईच्या घरी गिरणी नव्हती, जातं होतं. घरात आम्ही नऊ माणसं. आई पहाटे चारला उठायची आणि उजाडेपर्यंत दळायची. खुंट्याला समोरून चुलती हात लावायची. आई जात्याच्या तोंडात मूठ टाकायची ती डाव्या हातानं, न बघता. पहिली मूठ टाकण्याआधी जात्याला हात लावून तो कपाळाला लावायची. घाई असली तरी हे चुकायचं नाही. आणि ओव्या. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या गावांतून गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर गेलं आणि लाखाच्या वर ओव्या जमल्या. फ्रान्समधून आलेला माणूस जात्याशेजारी बसून बायकांचं ऐकत होता, आणि आम्ही घरातल्या लेकी मात्र त्या आवाजावर झोपून जायचो. आईची एकही ओवी मी लिहून ठेवली नाही. ही हळहळ मला आहे.

पण जातं गेलं म्हणून मी रडणार नाही. आईच्या उजव्या तळहाताला खुंट्याचा घट्टा होता, रुपयाएवढा. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती जात्यावर बसलेली मी पाहिली आहे. जात्याचं पीठ चांगलं असतं असं हल्ली फार ऐकू येतं. असतं, खरंच असतं. दगड हळू फिरतो, पीठ तापत नाही. पण ते पीठ कुणाच्या मनगटातून येत होतं, हे त्या बोलण्यात येत नाही. ज्या दिवशी खोऱ्यात पहिली गिरणी आली, त्या दिवशी बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, असं आई सांगायची. आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास परत देणाऱ्या यंत्राला वाहिलेलं ते हळदकुंकू होतं.

सारोळ्यात मामंजींनी गिरणी टाकली ती वीर धरणाचं काम चालू होतं त्या सुमाराला, म्हणजे १९६५ च्या आधी. वीज नव्हती. तेलावरचं इंजिन. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून अशी इंजिनं तयार होत होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही झाले. आमचं इंजिन कुठलं ते आता कुणाला सांगता येत नाही, पण त्याचा ‘पुक पुक पुक’ आवाज नदीपलीकडे जायचा. धुराड्याच्या तोंडाला मामंजींनी एक मडकं पालथं घातलं होतं, त्यानं तो आवाज घुमायचा. आवाज आला की पलीकडच्या बाया डोक्यावर टोपली घेऊन निघायच्या. जाहिरात म्हणायची तर तीच.

सुरुवातीला सगळेच आले असं नाही. काही घरांत गिरणीचं पीठ चालत नसे. दगड एक, आणि त्याच्यावर सगळ्या गावाचं धान्य. एकाच्या पिठात दुसऱ्याचं चिमूटभर तरी जाणारच. आत्याबाई सांगायच्या, एका घरची म्हातारी दळण आणायची आणि आधी पसाभर धान्य ‘दगड धुवायला’ म्हणून टाकायला लावायची, ते पीठ गुरांना. मामंजी टाकायचे. पण रांग मोडायला त्यांनी कधी होकार दिला नाही. ज्याची टोपली आधी, त्याचं दळण आधी. महारवाड्यातली टोपली पाटलाच्या टोपलीच्या पुढे असली तर पुढेच. आज हे लिहिताना साधं वाटतं. त्या वेळी त्यासाठी ते दोन घरांचं दळण कायमचं गमावून बसले होते.

इथे मला खळ्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण ‘लाभ’ तिथून आला. मळणी झाली, वारं देऊन झालं, की रास. राशीवर कुणी पायताण घालून जायचं नाही. पूजा करायची, नारळ फोडायचा, मग मापायला बसायचं. दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. माप सपाट भरायचं नाही. वर शीग आली पाहिजे, धान्य स्वतःहून ओघळेपर्यंत. ती शीग मला फार महत्त्वाची वाटते. कागदावर तिचा हिशेब नसतो. घेणाऱ्याला देणाऱ्यानं न बोलता दिलेली ती मूठ असते.

खळ्यावर मग बलुतेदार यायचे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव. वर्षभर केलेल्या कामाचं धान्य घेऊन जायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ही सगळी व्यवस्था बारकाईनं लिहून ठेवली आहे. या देण्याघेण्यात कृतज्ञता होती, असं म्हणण्याचा मोह होतो. सुताराच्या बाबतीत असेलही. पण ज्याला खळ्याच्या बाहेर उभं राहून मागावं लागायचं, ज्याच्या झोळीत शीग सोडाच, मातीमिसळ धान्य पडायचं, त्याला विचारलं पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते उगाच नाही. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं. आभार मानायचे तर समोरचा माणूस बरोबरीनं उभा असावा लागतो. मला वाटतं, मामंजींनी खळ्यावरचा ‘लाभ’ गिरणीत आणला आणि खळ्याचा उंबरा तेवढा बाहेर ठेवला. शिकलेले नव्हते ते. चौथीही पुरी नव्हती.

त्यांच्या वहीचंही तसंच. उधारीची वही म्हटलं की आपल्याकडे एक जुनी भीती आहे, आणि ती खोटी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांवर चाल केली, दुकानं लुटली आणि खतं-रोखे काढून जाळले. पुणे-नगरच्या कितीतरी गावांत ते लोण गेलं. सरकारला १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. गावातलं दुकान म्हणजे आपुलकी, हे वाक्य म्हणूनच मी सरसकट म्हणत नाही. दुकानानं माणूस उभा राहतो आणि दुकानानं तो जमिनीतही जातो. मामंजी दळणाची उधारी वहीत लिहायचे, पण अंगठा घ्यायचे नाहीत. नावापुढे फक्त पायल्या. सुगीत जो देईल तो देईल.

१९७२ च्या दुष्काळात ही वही भरून गेली होती. मी तेव्हा माहेरी, लहान. पण आत्याबाईंनी इतक्या वेळा सांगितलंय की मी इथे होते असंच वाटतं. रेशनवर मिलो यायची, परदेशातली तांबडी ज्वारी. खडी फोडायच्या कामावरून बायका येता येता ती दळून न्यायच्या. मिलोच्या पिठाला विरी नसायची. भाकरी थापता थापता फाटायची, परातीतून तव्यापर्यंत जायची नाही. मग त्यातल्या त्यात युक्ती म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळायचं. आत्याबाई म्हणायच्या, “वास यायचा गं तिला. पण तिनं जगवलं. तिला नाव ठिवू नगं.” आणि पोरांना कामावर सुकडी मिळायची, तिची चव आमच्या यांना अजून आठवते. महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली ती याच दिवसांत.

मी १९८२ च्या उन्हाळ्यात या घरात आले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. आमच्याकडे ‘गिरणी’ या शब्दाचे दोन अर्थ. एक ही पिठाची, आणि एक मुंबईची. माझे थोरले दीर तिथे साच्यावर होते. भोर-वेल्ह्याकडचे कितीतरी पुरुष मुंबईला कामाला. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर यायची, आणि त्यातले चार पैसे आमच्या वहीतली दळणाची उधारी फेडायचे. म्हणजे तिकडची गिरणी चालली की इकडची चालायची. अडीच लाख कामगारांचा तो संप कधी मिटलाच नाही. दीर एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले आणि इथे गिरणीत बसले. सुरुवातीला महिनाभर बोललेच नाहीत. मग एके दिवशी पट्टा तुटला, आणि त्यांनी तो असा सफाईनं शिवला की मामंजी नुसते बघत राहिले. त्यानंतर यंत्राचं सगळं त्यांच्याकडे आलं. दगडाला टाकी कशी लावायची ते मला त्यांनीच शिकवलं.

टाकी लावणं म्हणजे काय ते सांगते, कारण पीठ तिथे ठरतं. दगड फिरून फिरून गुळगुळीत होतो. मग तो धान्य कापत नाही, रगडतो. पीठ गरम येतं. वरचा दगड उतरवायचा, आणि छिन्नी-हातोड्यानं पुन्हा बारीक खाचा पाडायच्या, मधून कडेकडे जाणाऱ्या. कडेला उथळ, मध्ये खोल. अर्धा दिवस जातो. अंगभर पांढरी पूड. दगड पुन्हा बसवला की आधी कोंडा टाकायचा, मग पसाभर ज्वारी, ते पीठ फेकून द्यायचं, कारण त्यात कच असते. मग पहिलं खरं दळण. चिमटीत पीठ घ्यायचं आणि अंगठ्यानं बोटावर सरकवायचं. बाजरी रेशमासारखी लागली पाहिजे. नाचणी त्याहून मऊ. गव्हाला किंचित रवाळपणा राहिला तरी चालतो. चाक अर्धा आटा आवळायचं की सैल सोडायचं, ते त्या चिमटीवर.

बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडसर होतं, तिच्यात तेल असतं म्हणून. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते. म्हणून भाकरी खाणाऱ्या घराला जवळ गिरणी लागतेच. पोळीचं तसं नाही, गव्हाचं पीठ महिनाभरही राहतं. पाकिटात बांधून लांबून आणता येतं. मला वाटतं, आमच्या भागाचं खाणं बदललं त्याचं निम्मं कारण एवढंच आहे. भाकरीचं धान्य शेजार मागतं. गहू मागत नाही.

उरलेलं निम्मं रेशनचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला, २०२३ पासून तोही फुकट. मी त्याला वाईट म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत शिरवळच्या कारखान्यांचं काम थांबलं तेव्हा खोल्यांत अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. दळण बंद करून चालणार नव्हतं. गिरणीसमोर चुन्याची वर्तुळं काढली आणि सकाळी सहा ते नऊ दळलं. ज्यांच्याकडे रेशनचा गहू होता त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण गहू-तांदूळ घरात आला आणि नाचणी परड्यातून गेली, हेही खरं. सणापुरती राहिली, बाळाच्या खिरीपुरती राहिली. ‘गरिबाचं धान्य’ म्हणून तिची लाज वाटायला लागली होती. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आगेमागे. हे माझ्या आईला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बाळंतिणीला आणि नांगर धरणाऱ्याला नाचणी द्यायची.

माझी मुलगी होम सायन्स शिकली. तिनं सांगितलेली एक गोष्ट मी गिरणीत अनेकांना सांगते. डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आइकमन नावाचे डॉक्टर होते. पाय लुळे पडण्याच्या रोगाचा, बेरीबेरीचा, शोध घेत होते. त्यांच्या कोंबड्यांनाही तसंच काही झालं, आणि मग आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तर कळलं की लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घालत होते. नवा आचारी आला, तो म्हणाला, लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना देणार नाही. मग त्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळायला लागला आणि त्या उभ्या राहिल्या. १९२९ साली आइकमन यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे हातसडीचा तांदूळ उखळात कांडून खायचे, तेव्हा तो कोंडा पोटात जात होता. गिरण्यांनी तो काढून टाकला. म्हणून कुणी मला गव्हाचं पीठ चाळून मागितलं की मी चाळून देते, पण कोंडा वेगळ्या पिशवीत बांधून बरोबर देते. “ताई, हा तुमचाच आहे,” म्हणते. निम्म्या बाया नंतर तो परत पिठात मिसळतात.

रस्त्यानं आमचं बरंच बदललं. चौपदरी झाला, मग २०१० पासून सहापदरीचं काम निघालं. गिरणी दोनदा मागे सरकवली. पूर्वी एसटीतून उतरून माणूस दुकानाशी थांबायचा. आता गाड्या पुलावरून सुसाट जातात. शिरवळला मोठी दुकानं झाली, तिथे पिठाची पाकिटं रचलेली असतात. गावातल्या पोरीसुना तिथून सामान आणतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. कामावरून येताना एका फेरीत सगळं मिळतं. पण एक हिशेब मी त्यांना सांगते. तुम्ही मला किलोला सहा रुपये देता. त्यातून वीजबिल जातं, पट्ट्याचे पैसे जातात, आणि उरतं त्यातून मी शेजारच्या दुकानातून तेल-गूळ घेते. तो दुकानदार त्याची ज्वारी माझ्याकडे दळतो. कुंभारणीकडून माठ घेतो, ती बाजरी दळायला येते. तेच पाच-पन्नास रुपये गावात फिरत राहतात.

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र एक नवं दिसतंय. २०२३ हे जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, त्याच्याही आधीपासून. साखर निघालेली माणसं येतात. डॉक्टरांनी भाकरी सांगितली म्हणतात. ज्वारी आता गव्हाहून महाग आहे, तरी आणतात. पण घरात भाकरी कुणाला येत नाही. मग गिरणीतच मी पाटावर परात ठेवली आहे. पाणी कोमट, पीठ थोडं थोडं, मळायचं ते तळहाताच्या टाचेनं. पुण्याहून आलेले एक साहेब तीन रविवार शिकले. चौथ्या रविवारी त्यांनी घरून डबा आणला, आत दोन भाकरी, कडा जरा फाटलेल्या. आम्ही सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ला. सोबत कारळ्याची चटणी होती माझ्याकडची.

मागच्या आठवड्यात शिरवळच्या कारखान्यात काम करणारी एक पोर आली. विशी-बाविशीची. आजीनं वेल्ह्याकडून नाचणी धाडली होती, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून. गाठ सोडली आणि मला माहेरचा वास आला, चुलीच्या धुराचा. काट्यावर ठेवायला गेले तर लाइट नव्हती. वजनाचा काटाही तिच्यावरच. मग पायली काढली.

“मोज,” म्हटलं, “तोवर लाइट येईल.”

तिनं भरली, हातानं वरून सपाट केली आणि म्हणाली, “एक.”

मी तिचा हात धरला, शीग पुन्हा वर लावली आणि तिला पहिला आकडा सांगितला. ती हसली. म्हणाली, आजी असंच म्हणते, मला वाटायचं तिला मोजता येत नाही.

लाइट यायला अर्धा तास गेला. तोवर तिनं आजीच्या गावचं सगळं सांगितलं. मग दळलं. दळताना कळलं, पीठ जरा गरम येतंय. उद्या सकाळी दगड उतरवायचा आहे. संध्याकाळी सातनंतर दळण घेणार नाही, असं खडूनं पाटीवर लिहून ठेवलंय.